सगळ्यांना सांग

लेकीच्या क्लासमधल्या ग्रेसच्या आईने गाडीची काच खाली केली आणि हसत हसत सांगितलं, "सुनेत्रा, तुझा व्हिडिओ पाहिला मी. नणंदेने पाठवला. तिकडे सगळे बघतायत." कॅसल हिलच्या कोचिंग क्लासबाहेर मुलींना न्यायला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती, दुपार कलत आली होती, आणि सुनेत्राला आधी वाटलं की ही गेल्या दिवाळीतल्या नाचाबद्दल बोलते आहे. शाळेच्या कार्यक्रमात चार आयांनी मिळून लावणीसारखं काहीतरी केलं होतं आणि कुणीतरी ते फेसबुकवर टाकून सगळ्यांची शोभा केली होती. "अगं, तो जुना आहे," ती म्हणाली. "नाही नाही, लेक्चरचा," ग्रेसची आई म्हणाली. "सिमेंटच्या फॅक्टरीचा. किती छान बोलते ती मुलगी. ब्रेव्ह गर्ल." मागच्या गाडीने हॉर्न दिला, तिने हात हलवला आणि ती गेली. सुनेत्रा स्टिअरिंग धरून बसून राहिली. तिची लेक उर्वी येऊन शेजारी बसली, बॅग मागे फेकली आणि म्हणाली, "मम, कॅन वी गो? आय्‌म स्टार्व्हिंग." सुनेत्राने गाडी सुरू केली आणि नेहमीच्या वळणावर न वळता सरळ पुढे गेली. उर्वीने फोनमधून डोकं वर काढलं नाही म्हणून तिला ते कळलंही नाही.

तिकडे म्हणजे चीनमध्ये, ग्रेसच्या आईच्या देशात. चीनमधल्या कुठल्याशा गावात, ग्रेसच्या आईच्या नणंदेच्या फोनवर सुनेत्रा उभी होती. पुण्याची सुनेत्रा, सिडनीतल्या एका युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकवणारी, निळी शाल घेतलेली. आणि तिच्या शेजारी यूशिन उभी होती, हात बाह्यांच्या आत ओढून घेतलेली. लेक्चरचं रेकॉर्डिंग होतं यात नवीन काही नव्हतं. हॉलच्या मागच्या भिंतीवर कॅमेरा होता, तो आपोआप चालू व्हायचा, आपोआप बंद व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत लेक्चर कोर्सच्या साइटवर चढायचं, शिफ्टमुळे नाहीतर झोपेमुळे न आलेल्यांसाठी. छताच्या पंख्याकडे जसं कुणी बघत नाही तसं सुनेत्राने त्या कॅमेऱ्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. कोर्सच्या मुलांसाठी असलेली गोष्ट कोर्सच्या मुलांपुरती राहील असं ती धरून चालली होती. का धरलं होतं? कोर्सच्या मुलांना फोन नव्हते? आया, काका, मामा, गाववाले नव्हते? आपण इतक्या शहाण्या, इतक्या शिकलेल्या, आणि आपल्याला एवढं सुचू नये याचा तिला राग आला, आणि राग आला तेवढा वेळ तिला जरा बरं वाटलं. मग राग ओसरला आणि खालून भीतीच निघाली.

विषयाचं नाव लांबलचक होतं: कम्युनिस्ट राजवटींमधल्या आर्थिक सुधारणा आणि त्यांच्यातले अडथळे. ती या देशात आली तेव्हा असला विषय घ्यायला मूठभर मुलं असायची, दोन दाढीवाले, एखादी पोलंडच्या आजोबांची नात, आणि डिपार्टमेंट आज बंद करतात की उद्या अशी परिस्थिती होती. मग परदेशी मुलांची लाट आली. नेपाळी आले, आपले पंजाबी, गुजराती, मराठी आले, आणि चीनमधून तर इतकी मुलं आली की छोट्या वर्गातून मोठ्या हॉलमध्ये आणि मोठ्या हॉलमधून नव्या काचेच्या इमारतीत जावं लागलं. डिपार्टमेंट बंद करायचं कुणी नाव काढीना. आपल्याच देशाबद्दल, दुसऱ्याच्या देशात, तिसऱ्याच देशाच्या बाईकडून ऐकायला ही मुलं समुद्र ओलांडून येतात याची तिला गंमत वाटायची आणि थोडी लाजही वाटायची. म्हणून ती त्यांची नावं तरी नीट घ्यायची. तिचं स्वतःचं नाव या देशाने चावून चावून 'सू' करून टाकलं होतं, तेव्हा ती एकेका मुलाला विचारून, जीभ कुठे लावायची, सूर कुठे चढवायचा ते घोकून यायची. घरी भाजी चिरताना म्हणून बघायची. माधव, तिचा नवरा, तिला चिडवायचा की तू शिकवायला जातेस की आरत्या म्हणायला. मुलांना ते आवडायचं, चेहरे उजळायचे. यूशिनचाही उजळला होता. आणि यूशिनच्या गावाचं नाव सुनेत्राने तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं, भर हॉलमध्ये, कॅमेऱ्यासमोर, आणि मग स्वतः म्हटलं होतं, अगदी बरोबर.

सुरुवात छोट्या वर्गात झाली होती. तिथे कॅमेरा नसतो, टेबलाभोवती दहाबारा मुलं बसतात, कुणी चिप्स खातं. सुनेत्राने नेहमीचा प्रश्न टाकला होता की सुधारणेला विरोध नेमका कोण करतं, आणि मुलांनी पुस्तकातली उत्तरं दिली होती: जुने नेते, सरकारी कारखान्यांचे मॅनेजर, नोकरी जाईल म्हणून घाबरलेले कामगार. दाराजवळ बसणारी यूशिन तोपर्यंत कधी बोलली नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे कुणीच विरोध करत नाही. सगळे हो म्हणतात. हो म्हणतात म्हणूनच ती अडते." मग तिने सांगितलं. देशात सिमेंट फार झालंय, जुन्या भट्ट्या बंद करा असा राजधानीतून हुकूम आला. गावाने टाळ्या वाजवल्या. पण गावाचा दवाखाना फॅक्टरीचा, शाळा फॅक्टरीची, हिवाळ्यात घरं गरम ठेवणारी वाफ फॅक्टरीची, आणि जिल्ह्याच्या तिजोरीत पडणारा कर फॅक्टरीचा. तपासणीला माणसं आली तेव्हा पुढच्या भट्टीच्या दाराला कागद चिकटवून लाल शिक्का मारला, फोटो काढले, जेवणावळ झाली. मागची भट्टी चालू राहिली. तपासणीवाल्यांना धूर दिसत नव्हता का? दिसत होता. पण त्यांनाही वर दाखवायला बंद भट्ट्या हव्या होत्या. "सरकारच्या हिशेबात आमची फॅक्टरी कधीच बंद झालीय," यूशिन म्हणाली होती. "आई अजून रोज गॅलरीतली पालेभाजी धुळीतून धुऊन घेते. आणि माझे वडील तिथे उपसंचालक आहेत, ते वाईट नाहीत. ते बंद करतील तर उद्या सकाळी गावात गरम पाणी कोण देणार?"

सुनेत्राच्या अंगावर काटा आला होता, आनंदाने. ती इतकी वर्षं जे आलेख काढून, बाण दाखवून सांगत होती ते या पोरीने गॅलरीतल्या पालेभाजीवर आणून ठेवलं होतं. शिवाय ते तिच्या ओळखीचं होतं. तिचे वडील, पद्माकर, पिंपरीकडच्या एका सरकारी कारखान्यात होते आणि ती कारखान्याच्या कॉलनीत वाढली होती. तिथेही नवी यंत्रं आली होती आणि सगळ्यांनी त्यांचं स्वागत केलं होतं, साहेबांनी, युनियनने, मंत्र्यांनी, हार घालून. आणि मग ती यंत्रं खोक्यांतच पडून राहिली, खोक्यांवर पोरं चढून पतंग उडवायची. कोण नको म्हणालं होतं? कुणीच नाही. तर सुनेत्राला वाटलं, हे सगळ्या हॉलने ऐकलं पाहिजे. तिच्या शाळेत सुनेत्रा हुशार मुलगी होती आणि कुणी चांगलं उत्तर दिलं की बाई म्हणायच्या, ये, पुढे ये, सगळ्यांना सांग. फळ्यापाशी उभं राहून सांगायचं, मग वर्ग टाळ्या वाजवायचा, आणि ते घरी कळलं की आई शोभाबाई चारचौघींत ते दहा वेळा सांगायच्या. याहून मोठं बक्षीस असतं हे सुनेत्राला आजही ठाऊक नव्हतं. गुरुवारी मोठ्या हॉलमध्ये तिने वर बघून, हात पुढे करून तेच म्हटलं.

"नको, प्रोफेसर," यूशिन जागेवरून म्हणाली होती. "तुम्हीच सांगा, तुम्ही छान सांगता."

"तुझ्यासारखं मला नाही येणार. ये, खाली ये."

"माझं इंग्लिश चांगलं नाही."

"मी आले तेव्हा माझं तरी कुठे होतं?" हॉल हसला.

"प्रोफेसर, प्लीज."

आता कॅसल हिलच्या चढावर, लाल सिग्नलला, सुनेत्राला ते प्लीज पहिल्यांदा ऐकू आलं. त्या दिवशी तिला ते ऐकू आलंच नव्हतं. त्या दिवशी तिने जे ऐकलं होतं ते ताटावर आडवा धरलेला हात होता. ती ज्या घरातून आली तिथे नको म्हणणं हा बोलण्याचा शेवट नसतो, सुरुवात असते. पाहुणा एकदा नको म्हणतो तो शिष्टाचार, दोनदा म्हणतो तो संकोच, तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा वाढणाऱ्याने त्याचा हात प्रेमाने बाजूला करून पोळी वाढायची असते, आणि जो वाढत नाही तो करंटा. पहिल्या नकाराला मान देऊन गप्प बसलेल्या यजमानाची कॉलनीत किती दिवस चेष्टा व्हायची. सुनेत्राने आग्रह केला. पायऱ्या चढून वर गेली, यूशिनच्या खांद्याला हात लावला आणि तिला खाली घेऊन आली. यूशिन आधी फार थोडं बोलली. सुनेत्रानेच तिला पुढे नेलं: आणि मागची भट्टी? आणि वडील कुठल्या पदावर? आणि गावाचं नाव परत सांग, मला नीट म्हणू दे. मग मात्र यूशिन बोलली, छान बोलली, बोलता बोलता तिचे हात बाह्यांबाहेर आले, आणि हॉलने टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर तिने माधवला सांगितलं. तो ब्लॅकटाउनला एका कंपनीत आयटीत होता, त्या दिवशी घरूनच काम करत होता. "टेक डाउन कर ना मग, सिंपल आहे," तो म्हणाला आणि स्वतःच तिच्या लॅपटॉपवर बसला. रेकॉर्डिंग साइटवरून गेलं. "झालं?" तिने विचारलं. "इथून झालं," माधव म्हणाला. तो खोटं कधी बोलत नसे, हा त्याचा त्रास होता. "ज्यांनी डाउनलोड केलं त्यांच्याकडे असणारच. पण हे बघ, कोण कुठलं सिमेंट, कोण बघतंय? नको इतकी पॅनिक होऊस." सुनेत्रा उठली आणि सिंकवरची खिडकी लावून घेतली. बाहेर शेजारचा रॉब लॉनला पाणी घालत होता, त्याला मराठी येत नव्हतं, चिनी येत नव्हतं, आणि क्रिकेट सोडून कशाशी देणंघेणं नव्हतं. तरी तिने ती लावली. लावल्यावर तिच्या लक्षात आलं की हे तिचं नाही, हे वडिलांचं आहे. ती लहान असताना, आणीबाणीच्या दिवसांत, पद्माकरराव कारखान्यातून आले की आधी खिडकी लावायचे, मग रेडिओचा आवाज वाढवायचे, आणि मगच आईशी बोलायचे, तेही कारखान्यातल्या कँटीनबद्दल. शेजारचे चित्रे एकदा कँटीनमध्ये काहीतरी बोलले होते आणि काही महिने दिसले नव्हते. परत आले ते नीटच आले, धडधाकट, हसरे. फक्त नंतर कुणी काही विचारलं की छान आहे, छान आहे, एवढंच म्हणायचे. आणीबाणी संपली, सरकारं आली नि गेली, पण पद्माकरराव अजून पुण्याहून फोनवर बोलताना मध्येच म्हणतात, ते फोनवर नको. सुनेत्रा आणि माधव त्यावर किती हसले होते. बाबा, कोण ऐकतंय तुम्हाला?

नंतरचे दिवस तिला सुटे सुटे आठवत नाहीत, एकच लांबट, पिवळट दिवस आठवतो. यूशिन वर्गात आली नाही. मेलला उत्तर नाही. सुनेत्रा मेट्रोने जायची. ही नवी मेट्रो नुकतीच सुरू झाली होती आणि तिला ड्रायव्हर नव्हता, पुढच्या काचेतून सरळ बोगदाच दिसायचा. आधी उर्वीला घेऊन ती मुद्दाम पुढच्या डब्यात बसली होती, गंमत म्हणून. आता तिला वाटायचं, हे कोण चालवतंय, कुठे बसून चालवतंय, आणि थांबवायचं असेल तर कुणाला सांगायचं. डब्यात सगळे फोनमध्ये बघत होते. समोरची चष्मेवाली मुलगी फोनकडे बघून हसली आणि मग तिने सुनेत्राकडे बघितलं. बघितलं का? वर्गात ती आता कुणाचं नाव घेत नव्हती, बोटाने दाखवायची. मुलं उत्तर द्यायला लागली की तिला वाटायचं, नको, गप्प बस, पुस्तकातलं सांग. सगळ्यात वाईट म्हणजे तिला ग्रेसच्या आईची भीती वाटू लागली. त्या बाईने काय केलं होतं? कौतुक केलं होतं. दरवर्षी ती स्वतः लावलेल्या झाडाची लिंबं पिशवी भरून देते. तरीही सुनेत्रा क्लासच्या मागच्या गल्लीत गाडी लावू लागली. उर्वीने एकदा विचारलं, "मम, आर वी अव्हॉइडिंग ग्रेसेस मम?" सुनेत्रा म्हणाली, पार्किंग मिळत नाही पुढे. ती मुलीशी याआधी कधी इतक्या सहज खोटं बोलली नव्हती.

मग एका सकाळी यूशिन तिच्या ऑफिसच्या दारात उभी होती. केस नीट विंचरलेले, हातात काही नाही. "प्रोफेसर, मी बसू?" सुनेत्राने खुर्ची दिली, चहा विचारला. यूशिन नको म्हणाली आणि सुनेत्राने केटलला लावलेला हात मागे घेतला.

"आई म्हणते, बाबा ट्रेनिंगला गेलेत," यूशिन म्हणाली. "ट्रेनिंगला जाताना माणूस फोन नेतो. बाबांचा फोन घरी आहे. आई त्यांच्याच फोनवरून बोलते."

सुनेत्राने खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "मी व्हिडिओ काढून टाकला."

"हो. ते तिकडच्या लोकांनी बघितलं. काढून टाकला म्हणजे खरं असणार, असं म्हणतात." ती शांतपणे बोलत होती, ट्रेन उशिरा आहे सांगावं तसं. "भट्टी बंद झाली म्हणून जो कागद वर गेला, त्याच्यावर बाबांची सही आहे. सगळ्यांना माहीत होतं. पण सही एकाचीच असते. आता वरून कुणी विचारलं तर बाकीचे म्हणतील आम्हाला काय माहीत."

"मी काय करू? मी कुणाला लिहू? इथे लोक आहेत, पेपरवाले—"

"नाही." यूशिनने पहिल्यांदा वर बघितलं. "प्लीज, नाही."

या वेळी सुनेत्राला ते बरोबर ऐकू आलं.

"तुम्ही म्हणा की मी खोटं बोलले," यूशिन म्हणाली. "मार्क मिळावेत म्हणून गोष्ट रचली. अशी फॅक्टरी नाही. त्याच हॉलमध्ये म्हणा, रेकॉर्डिंग चालू असताना, आणि गावाचं नाव घेऊन. तुम्ही ते नीट म्हणता." तिने केस कानामागे सारले. "नुसतं म्हणून चालणार नाही. लोक म्हणतील तुम्हाला घाबरवलं. युनिव्हर्सिटीनेही म्हणायला हवं. माझ्यावर केस करा. चीटिंगची."

"यूशिन, तुला समजतंय का? ते तुझ्या नावावर राहील. कोर्स जाईल. व्हिसाचं काय होईल मला माहीत नाही."

"मी सगळं वाचून आलेय."

"हे कुणी सुचवलं तुला?"

यूशिन बाहेर बघू लागली. खिडकीबाहेर मुलं गवतावर बसून कॉफी पीत होती, कुणीतरी फ्रिस्बी टाकत होतं. सुनेत्राला आणखी एकदा विचारावंसं वाटलं आणि तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने यूशिन म्हणाली, "बाबा अभिमानाने सांगत होते सगळ्यांना. पहिल्यांदा व्हिडिओ त्यांनीच पाठवला होता, प्रोफेसर. मीच पाठवला त्यांना, आणि त्यांनी पुढे. माझ्या मुलीला परदेशात पुढे बोलावून सगळ्यांना सांगायला लावलं, म्हणून." मग ती उठली, थँक यू म्हणाली आणि गेली. सुनेत्रा रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. तिला त्या माणसाचा चेहरा माहीत नव्हता, पण तो चारचौघांत फोन फिरवताना तिला स्पष्ट दिसला, आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली.

माधव ऐकून म्हणाला, "हे खोटं आहे, सुनेत्रा. तू एका स्टुडंटवर खोटी केस करणार. उद्या बाहेर आलं तर तुझी नोकरी राहील का?" तो तिच्या भल्याचंच बोलत होता. ती म्हणाली, माहीत आहे. "आणि समजा तू सगळं केलंस. तरी त्यांनी त्याला सोडलं नाही तर?" ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. हाच प्रश्न ती मेट्रोत, बाथरूममध्ये, वर्गात फळ्याकडे तोंड करून स्वतःला विचारत होती. सोडतील असं कुणीही म्हटलं नव्हतं. ती मुलगी आपलं सगळं देऊन टाकायला निघाली होती आणि समोर घेणारा कोण आहे हेसुद्धा दिसत नव्हतं. "मग काय करू?" तिने विचारलं. माधवने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. तो प्रामाणिक माणूस होता. "मला नाही माहीत," तो म्हणाला आणि उठून खिडकी लावली.

पुस्तकात सगळं होतं. सुधारणेतले अडथळे किती प्रकारचे, हितसंबंध कसे जमतात, वरचा हुकूम खाली येता येता कसा पातळ होतो. पातळ होतो म्हणजे काय होतं हे पुस्तकात नव्हतं. वरून येणारा हुकूम आणि खालून जाणारं हो यांच्यामध्ये एक माणूस असतो, त्याची सही असते, त्याला एक मुलगी असते, तिला फार हुशार समजणारी एक बाई असते. सुनेत्राला वाटलं, आपणही त्या साखळीत कधीच शिरलो, आणि आपल्याकडूनही आता हो हवं आहे. तिने मान्य केलं. तक्रार तिने दुसऱ्याच दिवशी केली. डीनच्या ऑफिसातली हेलन सहानुभूतीने म्हणाली की हल्ली अशा केसेस फार वाढल्यात, नो वरीज, आम्ही बघतो. सुनेत्रा म्हणाली, थँक यू.

गुरुवारी हॉल भरला होता. यूशिन आली होती, तिसऱ्या रांगेत, कडेला. सुनेत्रा आत शिरल्यापासून मागच्या भिंतीकडे बघत होती; कॅमेऱ्यावरचा लहानसा लाल दिवा लागला तेव्हा तिने घसा साफ केला. सुरुवातीला एक दुरुस्ती सांगायची आहे, ती म्हणाली. काही आठवड्यांपूर्वी याच हॉलमध्ये एका सिमेंट फॅक्टरीचं उदाहरण दिलं गेलं होतं. मग तिने गावाचं नाव घेतलं, सूर जिथे चढायचा तिथे चढवून. तिने यूशिनचं नाव घेतलं, तेही नीट. म्हणाली की ती माहिती विद्यार्थिनीने रचलेली होती, अशी मागची भट्टी नाही, असा कागद नाही, आपण पडताळून न बघता तिला पुढे बोलावलं ही आपली चूक, आणि युनिव्हर्सिटी नियमाप्रमाणे कारवाई करत आहे. हॉलमध्ये कुजबुज झाली. माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. कुणीतरी हळूच हसलं. यूशिन समोर बघत होती. सुनेत्राला वाटलं होतं की आपला आवाज कापेल, शब्द अडकतील, ऐकणाऱ्याला काहीतरी कळेल. तसं काही झालं नाही. वाक्यं स्वच्छ, ठणठणीत आली, एरवी खरं सांगताना यायची त्याहूनही बरी. आतापर्यंत ती दुसऱ्यांना घाबरत होती, फोनला, नणंदेला, न दिसणाऱ्या माणसांना. आता ती त्या आवाजाला घाबरली.

पुढच्या रांगेतल्या जॉशने हात वर केला. चांगला मुलगा, कधी चुकवायचा नाही, सगळं टिपून घ्यायचा. "सॉरी, सू, जस्ट टू बी शुअर," तो म्हणाला. "परीक्षेत अडथळ्यांवर प्रश्न आला तर हे लिहायचं नाही ना? मागच्या भट्टीचं, सगळे हो म्हणतात ते वगैरे?"

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "ते चूक आहे. लिहिलंत तर मार्क जातील."

हॉलभर बोटं कीबोर्डवर चालू लागली. तिने तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. यूशिननेही मान खाली घातली होती आणि तीही ते लिहून घेत होती.